बाळाचे डोके लहान का राहते?

घरात शिवणकामाची फीत असेल तर ती घ्या आणि आपल्या डोक्याचा घेर मोजा. भुवयांच्या किंचित वरून फीत न्यावी, कानांच्या वरून मागे वळवावी आणि डोक्याच्या मागच्या बाजूस जो सर्वांत फुगीर भाग हाताला लागतो त्यावरून फिरवून पुन्हा कपाळावर आणावी. केस दाबले जातील इतकी घट्ट धरावी. तीन वेळा मोजून सर्वांत मोठे माप वहीत लिहावे. नववी-दहावीतल्या बहुतेक मुलामुलींचे माप ५२ ते ५७ सें.मी.च्या दरम्यान येईल. वर्गातील चाळीस-पन्नास जणांची मापे घेऊन प्रत्येक सेंटिमीटरच्या खणात कितीजण बसतात ते आलेखावर मांडले, की मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी टेकडी दिसू लागेल. बहुतेक सगळे टेकडीच्या माथ्यापाशी असतात. पायथ्याशी एखाददुसरा असतो. पायथ्याशी असलेला विद्यार्थी अभ्यासात मागे असतो असे मुळीच नाही, हे वर्गातले निकाल पाहून तुम्हीच ठरवू शकाल.

अशीच फीत प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या डोक्याभोवती फिरवतात. बाळाचे वजन आणि लांबी घरी सगळ्यांना सांगितली जाते, पण हा तिसरा आकडा बहुधा कागदावरच राहतो. तो बराच कमी असला तर डॉक्टर त्या स्थितीला मायक्रोसेफली म्हणतात. मराठीत तिला लघुशीर्षता म्हणता येईल. मात्र ‘लहान डोके’ हे रोगाचे नाव नव्हे. ते मोजमापाचे उत्तर आहे. अंगात ताप आहे असे म्हटले म्हणून कोणता आजार आहे ते कळत नाही, तसेच हे. बाळाचा मेंदू गर्भात असताना कशामुळे तरी पुरेसा वाढला नाही, एवढेच फीत सांगते. कशामुळे, हा प्रश्न पुढचा आहे, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर विज्ञानाला विचारण्याआधीच आईच्या माथ्यावर मारले जाते.

लहान म्हणजे किती लहान?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलीच्या डोक्याचा घेर मध्यमानाने ३३.९ सें.मी. आणि मुलाचा ३४.५ सें.मी. असतो. म्हणजे निम्म्या बाळांचा याहून कमी आणि निम्म्यांचा याहून जास्त. टेकडी किती पसरट आहे हे सांगणाऱ्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. येथे ते साधारण १.२ ते १.३ सें.मी. आहे. मध्यापासून दोन प्रमाण विचलने खाली गेले की मुलीसाठी ३१.५ आणि मुलासाठी ३१.९ ही रेषा येते. याखाली घेर असेल तर लघुशीर्षता म्हणतात. तीन विचलने खाली, म्हणजे मुलीसाठी ३०.३ आणि मुलासाठी ३०.७ याखाली गेल्यास ती तीव्र समजतात.

आता जरा हिशेब करू. टेकडीचा आकार ठरावीक असल्यामुळे पहिल्या रेषेखाली हजारात सुमारे २३ बाळे येणारच, मग ती सगळी ठणठणीत का असेनात! दुसऱ्या रेषेखाली मात्र हजारात जेमतेम एखादे येते. म्हणून पहिल्या रेषेखालच्या बाळाकडे डॉक्टर ‘लक्ष ठेवू’ म्हणून पाहतात आणि दुसऱ्या रेषेखालच्या बाळाचा कसून तपास करतात. शिवाय एक साधी गोष्ट करतात: आईवडिलांच्याही डोक्याचा घेर मोजतात. काही घराण्यांत उंची कमी असते तशी डोकीही लहान असतात. बाप बँकेत अधिकारी, आई शिक्षिका, दोघांचीही टोपी लहान मापाची, आणि बाळाचे डोके रेषेच्या किंचित खाली, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मापनातील त्रुटीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. कापडी फीत वापरून वापरून ताणली जाते आणि ताणलेली फीत माप कमी दाखवते. घरच्या फितीचे पहिले ३० सें.मी. पोलादी पट्टीशी ताडून पाहा. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक निघाला तर नवल नाही. दवाखान्यात न ताणणारी फीत वापरावी असा दंडक आहे तो यासाठीच. दुसरी त्रुटी खुद्द डोक्यात असते. जन्माच्या वेळी अरुंद वाटेतून येताना कवटीची हाडे एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोके लांबट होते. म्हणून चोवीस तास उलटल्यावर पुन्हा मोजणे चांगले.

मर्यादेची रेषा कुठे आखावी यावरही किती अवलंबून असते ते ब्राझीलमध्ये दिसले. २०१५ साली त्या देशाच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळे एकाएकी वाढली (का वाढली ते पुढे येईल). आरोग्य खात्याने आरंभी ३३ सें.मी.खालची सर्व बाळे संशयित म्हणून नोंदवण्यास सांगितले. वरचा तक्ता पाहा: ३३ ही रेषा मध्यापासून एका विचलनाच्या आसपासच आहे, त्यामुळे हजारो निरोगी बाळे त्या यादीत शिरली. डिसेंबर २०१५ मध्ये ती रेषा ३२ वर आणि मार्च २०१६ मध्ये ३१.५ व ३१.९ वर आणली गेली. आकड्यांचा फुगा खाली बसला. साथ मात्र खरीच होती. तीव्र लघुशीर्षतेची, हजारात एखादे अपेक्षित असलेली बाळे एकेका रुग्णालयात आठवड्यामागून आठवडा येत होती, आणि डॉक्टरांनी धोका ओळखला तो यावरून.

या फुटपट्टीत आपलाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ज्या सहा देशांतील निरोगी मुले मोजली त्यांत दिल्लीची मुले होती. पुढे दिवस पुरे न भरलेल्या बाळांसाठीही उपयोगी पडतील असे तक्ते ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पाने २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी आठ देशांतील एकेक ठिकाण निवडले होते. भारतातून निवडले गेले ते नागपूर. आईला पुरेसे अन्न आणि उपचार मिळाले तर गर्भातील बाळाची वाढ ऑक्सफर्डला, नैरोबीला आणि नागपूरला जवळजवळ सारखीच होते, असे त्या मापांतून दिसून आले. ‘आमच्याकडची मुले जातीनेच लहान’ ही समजूत येथे टिकत नाही.

कवटी मेंदूच्या मागे जाते

बाळाच्या टाळूवर हात ठेवला तर तेथे हाड लागत नाही, मऊ पडद्याखाली नाडी उडताना जाणवते. नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. अनेक हाडांचे तुकडे लवचीक शिवणींनी जोडलेले असतात आणि जेथे अनेक शिवणी मिळतात तेथे टाळू असते. पुढची टाळू बहुधा एक ते दीड वर्षाच्या सुमारास बुजते. या रचनेचा हेतू उघड आहे. आतला मेंदू झपाट्याने वाढत असतो. त्याच्या दाबाने शिवणी रुंदावतात आणि त्यांच्या कडांवर नवे हाड तयार होते. म्हणजे मेंदू पुढे आणि कवटी त्याच्या मागे.

घरोघरी बाळाला न्हाऊ घालणारी बाई डोके हातांनी गोल करते, टाळूवर तेल घालते आणि उशाला मोहरीची उशी देते. सतत एका कुशीवर झोपून डोके चपटे होते, हे खरे. उशीने त्याच्या आकारात थोडा फरक पडेल. पण आकार बदलणे आणि आकारमान बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाण्याने भरलेल्या फुग्याला कितीही दाबले तरी त्यातले पाणी वाढत नाही. तेलाने टाळू ‘भरत’ नाही; ती हाड वाढून बुजते.

हा क्रम उलटा समजल्यामुळे एकदा फार मोठा अनर्थ झाला. १८९० साली पॅरिसचे शल्यविशारद लानेलाँग यांनी असा तर्क केला, की अशा मुलांच्या शिवणी वेळेआधी बुजतात आणि कवटी मेंदूला आवळते; म्हणून कवटीत लांब चीर पाडून जागा करून द्यावी. युरोप-अमेरिकेत अशा शस्त्रक्रियांची लाटच आली. अनेक मुले दगावली आणि उरलेल्यांच्या बुद्धीत फरक पडला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अब्राहम जाकोबी यांनी १८९३ च्या सुमारास या प्रकारावर कडक टीका केली. शिवणी वेळेआधी बुजण्याचा आजार आहे, आणि त्याला शस्त्रक्रिया लागतेही. पण त्यात डोके वेडेवाकडे वाढते. लघुशीर्षतेत शिवणी बुजतात त्या आतून दाब नसल्यामुळे. तो परिणाम आहे, कारण नव्हे.

फितीवरचा फरक डोळ्यांना लहान वाटतो, तो का फसवा आहे तेही पाहू. मुलीचा मध्यम घेर ३३.९ आणि तीव्र लघुशीर्षतेची रेषा ३०.३. फरक ३.६ सें.मी., म्हणजे दहा-अकरा टक्के. पण घेर ही लांबी आहे आणि मेंदू ही घनफळाची वस्तू. डोके ढोबळमानाने गोल धरले तर घनफळ घेराच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ३०.३ ला ३३.९ ने भागल्यावर ०.८९४ येते, आणि त्याचा घन ०.७१. फितीवर साडेतीन सेंटिमीटर, आत मात्र २९ टक्के घट!

चक्रवाढीचा हिशेब

मग मेंदू लहान राहतो तो का? मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतील मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या बहुतेक सगळ्या जन्माआधीच, आणि त्यातही गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात तयार होतात. मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या भिंतीलगत मूळ पेशींचा एक थर असतो. आरंभी एका मूळ पेशीच्या दोन मूळ पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. भांडवल पुरेसे जमले की विभाजनाची रीत बदलते: एक मूळ पेशी राहते आणि दुसरी चेतापेशी होऊन बाहेरच्या थरांकडे निघते.

हे सरळ चक्रवाढ व्याज आहे. एक पेशी दहा वेळा दुप्पट झाली तर १,०२४ पेशी होतात. समजा, प्रत्येक फेरीत दर दहांपैकी एक पेशी मेली. दर फेरीला दोनपट होण्याऐवजी १.८ पट होईल. दहा टक्के तूट म्हणजे शेवटी दहा टक्केच कमी होईल असे कोणालाही वाटेल. पण १.८ चा दहावा घात काढा: ३५७ येतो. १,०२४ च्या जागी ३५७, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश पेशी गेल्या. भांडवल जमण्याच्या काळात बसलेला लहानसा धक्काही किती महाग पडतो ते यावरून ध्यानात येईल. (खऱ्या मेंदूत गोष्टी इतक्या सरळ नसतात, काही पेशी उशिरापर्यंत वाटणी करून थोडी भर काढतात. पण हिशेबाचा गाभा हाच.)

आता या एकाच जागी तीन अगदी वेगळ्या दिशांनी घाव कसा बसू शकतो ते पाहा.

पहिला घाव किरणांचा. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडले तेव्हा ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांची मुले पुढे अनेक वर्षे तपासली गेली. सुमारे १,६०० मुलांपैकी ३० मुलांच्या बुद्धीची गंभीर हानी झालेली आढळली आणि त्यांतील अनेकांची डोकी लहान होती. ओताके आणि शूल या शास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवून दिले, की सर्वांत मोठा धोका गर्भधारणेनंतरच्या ८ ते १५ आठवड्यांत होता, १६ ते २५ आठवड्यांत तो कमी होता, आणि त्याच्या आधी वा नंतर बुद्धीची अशी गंभीर हानी वाढलेली दिसत नव्हती. आठ ते पंधरा आठवडे म्हणजे नेमका मूळ पेशींच्या धांदलीचा काळ. विभाजन चालू असलेली पेशी किरणांना सर्वांत लवकर बळी पडते. कर्करोगावर किरणोपचार करतात तेही याच तत्त्वावर.

येथे एक भीती दूर करायला हवी. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात गर्भापर्यंत पोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेहून कमी असते. मेंदूवरील परिणामांचा प्रश्न १०० मिलिग्रेच्या पुढे येतो. म्हणजे दहा हजार पटींचे अंतर आहे. पोटाच्या सी.टी. स्कॅनमध्ये मात्रा पुष्कळ जास्त असते, म्हणून तपासणीपूर्वी गरोदर असल्याचे सांगणे जरूरच आहे. सोनोग्राफीत तर असले किरण नसतातच. तो ध्वनी आहे.

दुसरा घाव विषाणूचा. एप्रिल १९४७ मध्ये युगांडातील झिका नावाच्या जंगलात पिंजऱ्यात पाळतीवर ठेवलेल्या एका माकडाला ताप आला. त्याच्या रक्तात जो नवा विषाणू मिळाला त्याला जंगलाचेच नाव मिळाले. पुण्याची विषाणू संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली आणि त्याच सुमारास भारतीयांच्या रक्तद्रवाची जी पाहणी झाली, तीत काहींच्या रक्तात झिकाला विरोध करणारी प्रतिपिंडे दिसली होती. डेंग्यू हा झिकाचा चुलतभाऊच असल्यामुळे अशा चाचणीत गल्लत होऊ शकते, हे लक्षात ठेवूनच त्या निष्कर्षाकडे पाहिले पाहिजे. पुढची साठ वर्षे झिकाकडे कोणी फारसे पाहिले नाही. हलका ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. दहांतील आठांना तर काहीच होत नाही. २०१५ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या डॉक्टरांना तीव्र लघुशीर्षतेची बाळे एकापाठोपाठ दिसू लागली, आणि हा विषाणू वार ओलांडून गर्भात जातो व मूळ पेशींनाच मारतो हे उघड झाले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली; ती त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला उठवली.

त्याच साथीतून फितीविषयी आणखी एक धडा मिळाला. गर्भात झिकाची बाधा झालेल्या, पण जन्मतः डोक्याचा घेर रेषेच्या वर असलेल्या १३ बाळांची नोंद डॉक्टरांनी ठेवली. पुढच्या महिन्यांत त्यांतील ११ जणांची डोक्याची वाढ मंदावून ती रेषेखाली गेली. तेव्हा एक माप पुरेसे नसते. मापांचा आलेख हवा.

तिसरा घाव जनुकाचा. सोलापूरच्या जुन्या गिरणी कामगारांना चाती काय असते ते सांगायला नको: सूत जिच्याभोवती फिरते ती काठी. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे खेचणाऱ्या धाग्यांची जी रचना तयार होते, तिला जीवशास्त्रज्ञांनी चातीचेच नाव दिले. तर्कू म्हणजे चाती. ही चाती थराच्या पृष्ठभागाशी ज्या कोनात असेल, त्यावरून पेशी कशी चिरली जाणार हे ठरते. चाती सरळ धरली गेली तर दोन सारख्या मूळ पेशी होतात. ती कलली तर एक पेशी अकालीच चेतापेशी होऊन बसते आणि भांडवल वाढणे थांबते. २००२ साली इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करताना एएसपीएम नावाचे जनुक सापडले. त्याचे प्रथिन या चातीच्या टोकाशीच काम करते. २००९ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरुण कुमार आणि निम्हान्समधील गिरिमाजी यांच्या गटाने भारतीय कुटुंबांतून स्टिल नावाचे आणखी एक जनुक शोधले. तेही चातीच्या टोकाच्या जोडणीतलेच. किरण, विषाणू, जनुक: वाटा तीन, पण घाव मूळ पेशींच्या त्याच थरावर. याशिवाय आईला गरोदरपणी झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, मद्यपान, तीव्र कुपोषण, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे अशी इतरही कारणे आहेत. त्यांपैकी रुबेला लशीने टळतो.

आपल्या दारात

भारतात झिकाचे पहिले तीन रुग्ण अहमदाबादच्या बापूनगर भागातले. ते मे २०१७ मध्ये जाहीर झाले. २०१८ साली राजस्थान व मध्य प्रदेशात साथ आली. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी जुलै २०२१ च्या अखेरीस आढळला. त्यानंतर जून २०२४ मध्ये पुणे शहरात साथ सुरू झाली. त्या वर्षी देशात १५१ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १४० महाराष्ट्रातले, १२५ एकट्या पुणे जिल्ह्यातले, आणि एक आपल्या सोलापूरचा. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वर्षीच्या अहवालात या साथीत लघुशीर्षतेचे बाळ जन्मल्याची नोंद नाही. म्हणून विषाणू निरुपद्रवी ठरत नाही. गरोदरपणी बाधा झालेल्या मातांच्या बाळांपैकी शंभरात सुमारे ५ ते १५ बाळांना काही ना काही दोष राहतो, आणि तोही बाधा कोणत्या महिन्यात झाली यावर अवलंबून असतो.

झिका, डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे तिन्ही एडिस डासामार्फत पसरतात. तो दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. सोलापूरच्या कित्येक पेठांनी वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड नळाचे पाणी पाहिले आहे. साहजिकच घरोघरी पिंपे, हौद आणि रांजण भरलेले. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा नियम आहे. सात हा आकडा पंचांगातून नव्हे, डासाच्या आयुष्यातून आला आहे. पाणी नुसते ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, तेव्हा आतली बाजू घासलीच पाहिजे. पाणी टंचाईच्या गावात पिंप रिकामे करा असे सांगणे सोपे आणि करणे अवघड, हे मान्य. निदान घट्ट झाकण किंवा त्यावर बांधलेले जुन्या धोतराचे फडके एवढे तरी कोणालाही जमते.

मामाची मुलगी

जनुकाच्या वाटेचा हिशेब आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या घरांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न होते. एएसपीएमसारख्या जनुकाची एक प्रत सदोष आणि दुसरी चांगली असेल तर माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही प्रती सदोष आल्या तरच दोष उमटतो. त्यासाठी आई व वडील दोघेही वाहक हवेत, आणि तेव्हाही दर खेपेस शक्यता चारात एक.

समजा, एखाद्या सदोष जनुकाचे वाहक दोनशेत एक आहेत (हा आकडा केवळ उदाहरणासाठी). वधू-वर नात्यातले नसतील तर दोष असलेले बाळ होण्याची शक्यता १/२०० × १/२०० × १/४, म्हणजे १,६०,००० मध्ये एक. आता वधू मामाची मुलगी आहे. ती वाहक असेल तर तिचा आतेभाऊ वाहक असण्याची शक्यता दोनशेत एक राहत नाही. दोघांचे आजीआजोबा एकच असल्यामुळे ती आठात एक होते. १/२०० × १/८ × १/४ म्हणजे ६,४०० मध्ये एक: पंचवीसपट. मामा-भाचीत ती आठाऐवजी चारात एक, म्हणून ३,२०० मध्ये एक: पन्नासपट. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. पन्नासपट हे खरे, आणि ३,२०० पैकी ३,१९९ वेळा हा दोष येत नाही हेही तितकेच खरे. मात्र असे जनुक एकच नसते, शेकडो असतात. त्यांची बेरीज होते. घराण्यात एखादे असे मूल आधी झाले असेल तर सगळा हिशेबच पालटतो, आणि तेव्हा लग्नाआधी किंवा पुढच्या गर्भारपणाआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की दोष उमटायला बापाची प्रत आणि आईची प्रत दोन्ही लागतात. तरीही पाहुणे प्रश्न विचारतात तो आईलाच: ग्रहण पाळले नव्हतेस का? ग्रहणात विळी धरली होतीस का? ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्रीही कितीतरी घरांत गरोदर सुना न खाता-पिता एका जागी बसून होत्या. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो आणि प्रकाश कमी होतो. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. दोन्हींत कोणताही नवा किरण निर्माण होत नाही. (सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे, ते ग्रहण असो वा नसो.) पृथ्वीची सावली तर आपल्यावर रोज रात्री पडते, तिलाच रात्र म्हणतात. गरोदर बाईने उपाशी राहून तहान मारण्यानेच उलट अपाय होण्याचा संभव.

बाळ जन्मल्यानंतर

गेलेल्या चेतापेशी परत आणणारे औषध नाही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत उरलेल्या पेशींमधली जोडणी झपाट्याने होत असते आणि तेवढ्यात नजर, कान, हातपाय व बोलणे यांचा सराव लवकर सुरू केला तर मूल अधिक काही शिकू शकते. सौम्य लघुशीर्षतेची काही मुले नेहमीच्या शाळेत शिकतात; तीव्र असलेल्यांना आकडी, गिळण्याचा त्रास, दृष्टिदोष यांसाठी सतत उपचार लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. उपचार तेथे फुकट असतात. शिक्षकांना विनंती, की शाळेत असे मूल आले तर त्याच्या डोक्यावरून पडलेले टोपणनाव पहिल्याच दिवशी बंद करावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याचा शाळेतील जागेवरचा हक्क मान्य केला आहे.

वर्गात सोडवण्यासाठी

१. घरातील तीन फिती पोलादी पट्टीशी ताडून पाहा. सर्वांत जुन्या फितीत ३० सें.मी.ला किती मिलिमीटरांचा फरक येतो? या फितीने ३१.९ सें.मी.च्या रेषेवरचे बाळ मोजले तर ते कोणत्या बाजूला पडेल?

२. मुलाच्या डोक्याचा मध्यम घेर जन्मतः ३४.५ सें.मी. आणि एक वर्षाचा असताना ४६.१ सें.मी. असतो. घनफळ किती पट वाढले? (उत्तर: सुमारे २.४ पट.)

३. दर फेरीला दहांऐवजी वीसपैकी एकच पेशी मरत असेल तर दहा फेऱ्यांनंतर १,०२४ ऐवजी किती पेशी उरतील? (उत्तर: सुमारे ६१३.)